रक्ताचा दाटपणा आणि पाण्याची बाटली

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक ताई रडायला लागल्या. त्यांच्या मुलीला सिकलसेल आहे. कापूस वेचताना तिचे हातपाय ठणकले, तर घरचे म्हणाले, कामाचा कंटाळा! हे दुखणं खोटं नसतं. का, ते रक्ताच्या दाटपणावरून सांगते.

दाटपणा मोजतात कसा? एकाच नळीतून, सारख्याच दाबाने, आधी पाणी सोडायचं, मग तेवढंच रक्त. समजा पाण्याला एक मिनिट लागलं आणि रक्ताला चार, तर रक्त पाण्याच्या चौपट दाट. नळीची मात्र गंमत आहे. तिची रुंदी निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. मग आपल्या केसाहून बारीक वाहिन्यांतून रक्त जातं तरी कसं?

१९३१ साली स्वीडनमध्ये फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी हे मोजलं. नळी साधारण ०.३ मिलिमीटरहून बारीक झाली की रक्त जणू पातळ होत जातं! तांबड्या पेशी मधोमध येतात आणि कडेला नुसतं रक्तातलं पाणी राहतं, तेलाचं बोट फिरवल्यासारखं. सगळ्यात बारीक वाहिन्या तर पेशीएवढ्याच, काही तिच्याहून अरुंद. पण पेशी मऊ असते, दुमडून एकामागे एक निघून जाते.

सिकलसेलमध्ये हा मऊपणाच जातो. प्राणवायू सोडला की पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. मग वरचा सगळा हिशेब उलटतो. पेशी अडकतात, पुढे प्राणवायू पोचत नाही, हाडं ठणकतात. अंगातलं पाणी कमी झालं तर हे आणखी लवकर होतं.

आणि ती पोरगी शेतात पाणीच पीत नव्हती. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून. आपण सगळ्याच असं करतो की नाही? मीसुद्धा करायचे.

पाणी म्हणजे औषध नव्हे, डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली तर घरी थांबायचं नाही. चाचणी झाली नसेल तर आशाताईंना विचारा, बोटातून थोडं रक्त घेतात.

आम्ही गटाच्या दंडाच्या पैशातून एक ताडपत्री आणि चार बांबू घेतले. वेचणी असेल त्या बांधावर आडोसा उभा करतो. उद्या कोणाच्या शेतात न्यायचा, ते वहीत लिहिलंय.