सहामाहीचे मार्क: गोलकीपरला दहापैकी दोन

(हा या भागाचा मजकूर. बोललं तसंच उतरवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे केलेत.)

बाहेर पाऊस आहे, पत्र्यावर ताशा वाजतोय. मध्येच आवाज आला तर सांभाळून घ्या, मालवणात स्टुडिओ म्हणजे माझी माळ्यावरची खोली.

आज विषय ठरवला नव्हता, विषय चालत आला. परवा एक व्हॉइस नोट आली. इथल्याच एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. आवाज ऐकूनच कळलं, पोरगा वैतागलाय. तो म्हणाला, "दादा, आमी ग्रुपवर एकमेकांक मार्क देऊक गेलव आणि नुसती भांडणा लागली. आता तूच काय ता सांग."

झालं असं. त्यांचा सीझन अर्धा संपला. कोणाला तरी आयडिया सुचली की आपण सहामाहीचा निकाल लावूया. प्रत्येकाने प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे. स्ट्रायकरला आठ, विंगरला सात, मिडफिल्डला सहा-साडेसहा. आणि गोलकीपरला दोन. कारण शेवटच्या मॅचला चार गोल खाल्ले. गोलकीपरने काही लिहिलं नाही. ग्रुप सोडला. दोन दिवस प्रॅक्टिसला पण आला नाही. आता अर्धी टीम म्हणते त्याला बदला, अर्धी म्हणते कोचलाच बदला, आणि कॅप्टन मला विचारतोय की दादा, मार्क बरोबर आहेत का.

आता मी काही कोच नाही. मी बघणारा माणूस. कुडाळला जाऊन गाडी पकडायची, मडगावला उतरायचं, फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये ओरडून घसा बसवायचा आणि रात्री कसंतरी परत यायचं, एवढंच माझं क्वालिफिकेशन. सिंधुदुर्गातल्या बऱ्याच जणांचं असंच आहे. पासपोर्टवर महाराष्ट्र, पण फुटबॉलमध्ये मन पत्रादेवीच्या पलीकडे. त्यामुळे उत्तर पण एफसी गोवावरूनच देतो.

सीझन 2019-20. आयएसएलमध्ये दहा टीम, प्रत्येकी 18 मॅच. गोव्याचा कोच सर्जिओ लोबेरा, समोर कोरो, मागून ह्यूगो बूमोस. पहिलीच मॅच फातोर्ड्याला चेन्नईयिनशी. 3-0. एकदम आरामात. त्या रात्री कोणी मला मार्क द्यायला सांगितले असते, तर गोव्याला नऊ आणि चेन्नईयिनला तीन, तेही दया म्हणून.

चेन्नईयिनचं पुढे काय झालं बघा. पहिल्या चार मॅचमध्ये एकही गोल नाही. शून्य. त्यांचा स्ट्रायकर लिथुएनियाचा नेरियस व्हाल्सकिस. चार मॅच, टीमचाच गोल नाही, म्हणजे त्याचाही नाही. तुमच्या ग्रुपवर त्याला किती मार्क पडले असते? दीड? नोव्हेंबर संपता संपता त्यांचा कोच जॉन ग्रेगरी गेला, तोपर्यंत सहा मॅचमध्ये एकच विजय होता. मग ओवेन कॉयल आला. खेळाडू बहुतेक तेच. आणि सीझन संपला तेव्हा गोल्डन बूट कोणाला? व्हाल्सकिसला. 15 गोल. टीम फायनलला.

आता गोव्याची बाजू. ती तर आणखी भारी आहे. गोवा टेबलात वरच होती, गोल धबाधब होत होते, आणि जानेवारीच्या शेवटी क्लबने लोबेराला काढलं. लीगच्या तीन मॅच बाकी! आम्ही इथे चहाच्या टपरीवर एकमेकांकडे बघत राहिलो. पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलाला वार्षिक परीक्षेच्या आधी शाळेतून काढावं, तसं वाटलं. त्याच्या जागी आला क्लिफर्ड मिरांडा, आपला गोंयकार, क्लबसाठी आधी स्वतः खेळलेला. त्याने काय केलं? हैदराबादला 4-1, मुंबई सिटीला 5-2, आणि जमशेदपूरला त्यांच्या घरी जाऊन 5-0. तीन मॅच, 14 गोल. गोवा 39 गुणांनी लीगमध्ये पहिली, एकूण 46 गोल. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब झाला तो असा.

मग म्हणाल, बघ, कोच बदलला की जमतं! थांबा जरा. लगेच कोचच्या मागे लागू नका. त्या 14 गोलांमधलं लोबेराचं किती आणि मिरांडाचं किती? मला नाही वेगळं काढता येत. कोरो-बूमोसची ती जुगलबंदी काय एका आठवड्यात बसवलेली नव्हती. बूमोसचे त्या सीझनला 11 गोल आणि 10 असिस्ट, लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आणि लोबेरा? तो पुढच्याच सीझनला मुंबई सिटीला गेला, बूमोस पण तिकडेच, आणि लीग पण जिंकली, फायनल पण जिंकली. सेमीफायनलला हरवलं कोणाला, तर आम्हालाच. पेनल्टीवर. फायनल पण फातोर्ड्यालाच. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच.

आणि 2020 ची सेमीफायनल राहिलीच. गोवा लीगमध्ये पहिली, समोर कोण? चेन्नईयिन. तीच, जिला मी तीन मार्क दिले असते. चेन्नईला 4-1 ने हरलो. फातोर्ड्याला परत 4-2 ने जिंकलो, पण बेरीज 6-5, एका गोलाने बाहेर. नऊ मार्कवाले घरी, तीनवाले फायनलला. फायनल 14 मार्चला फातोर्ड्याला झाली, कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि तिथे चेन्नईयिन एटीकेकडून 3-1 हरले. तेवढंच समाधान. नाही, असं म्हणू नये. पण झालं होतं खरं.

बरं, आता गोलकीपरवर येतो. मुद्दा तोच आहे ना.

लक्ष्मीकांत कट्टीमनी. नाव माहीत असेल बऱ्याच जणांना. 2015 ची फायनल, फातोर्डा, खचाखच भरलेलं, गोवा विरुद्ध चेन्नईयिन. गोलमध्ये कट्टीमनी. चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली, त्याने अडवली, पण रिबाउंड आत गेला. गोव्याने बरोबरी केली. परत पेनल्टी, मेंडोझाची. ती पण अडवली. एका फायनलमध्ये दोन पेनल्टी अडवणारा माणूस! 87 व्या मिनिटाला जोफ्रेची फ्रीकिक आत, गोवा 2-1. सगळे उभे. कप आलाच होता हो. आणि 90 व्या मिनिटाला गर्दीत बॉल आला आणि कट्टीमनीकडूनच आत गेला. स्वयंगोल, त्याच्या नावावर. दोन मिनिटांत मेंडोझाचा तिसरा. 3-2. संपलं.

त्या रात्री सगळ्या गोव्याने त्याला किती मार्क दिले असतील? दोन पेनल्टी कोणाच्या लक्षात होत्या? गोलकीपरचं हे असंच असतं. स्ट्रायकरने पाच चान्स घालवले आणि सहावा मारला तर त्याचा स्टेटस लागतो. गोलकीपरने पाच वाचवले आणि सहावा सुटला तर मीम.

कट्टीमनी 2019 ला हैदराबादला गेला. नवी टीम, पहिलाच सीझन. 18 मॅचमध्ये दोन विजय, 10 गुण, टेबलात तळाला. म्हणजे वार्षिक पण नापास. पण क्लबने पाटी पुसली, मानोलो मार्केझ कोच म्हणून आला, पोरं घडवली. आणि 20 मार्च 2022 ला फायनल. ग्राउंड कुठलं? फातोर्डाच. दोन वर्षांनी प्रेक्षक परत आलेले, केरळा ब्लास्टर्सच्या पिवळ्या जर्सींनी स्टेडियम भरलेलं. 1-1. पेनल्टी शूटआउट. कट्टीमनीने तीन अडवल्या. तीन! हैदराबाद 3-1 ने चॅम्पियन.

त्याच ग्राउंडवर. सहा वर्षांनी. मी घरी मोबाईलवर बघत होतो, डेटा संपत आलेला, शेवटची पेनल्टी बफर होत होती. आई विचारायला आली, कोण गेलं काय?

तर कॅप्टन, आता तुझ्या टीमकडे. मार्क देऊच नका असं मी म्हणत नाही. द्या. सहामाही हवीच, नाहीतर वार्षिकला काय सुधारायचं ते कळत नाही. पण पेपर तपासताना प्रश्न तरी वाचा. ते चार गोल कसे झाले? व्हिडिओ असेलच कोणाच्या तरी मोबाईलमध्ये. गोलच्या आधीचे दहा सेकंद बघ, जिथे बॉल आपल्याकडून गेला तिथपासून. गोलकीपर शेवटचा माणूस, त्याच्या आधी दहा जणांना चकवून बॉल तिथवर आलाय. मला खात्री आहे, चारातले किमान दोन तुमच्या आठ मार्कवाल्या स्ट्रायकरच्या पायाजवळ सुरू झाले असतील. कारण तो परत धावत येत नाही. कुठलाच येत नाही.

दुसरं, समोर कोण होतं आणि कुठे खेळलात? इथे घरच्या ग्राउंडवर चिखलात खेळणं वेगळं आणि पहाटे गाडीत बसून, वडापाव खाऊन, कातळासारख्या कडक ग्राउंडवर दुपारी खेळणं वेगळं. तिथे टप्पा पडला की बॉल गुडघ्याला नाही, कपाळाला येतो. गोलकीपरला विचार ते.

आणि तिसरं तूच सांगितलंस, अगदी शेवटी, जाता जाता. तुझ्या गोलकीपरच्या घरची होडी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तोपर्यंत पोरगा रोज प्रॅक्टिसला. बंदी उठली, समुद्र जरा खाली बसला, की तो पहाटे बापाबरोबर जाळ्यावर. तिथून येऊन कॉलेज, मग ग्राउंड. तुमच्या पहिल्या मॅच कधी होत्या आणि चार गोलवाली कधी होती, तारखा जरा जोडून बघ. हे त्याला दहापैकी आठ द्यायचं कारण नाही. चुकला असेल तर चुकला. पण तो ढिला पडलाय की दमलाय, हे माहीत नसताना आकडा टाकलात, तर तो आकडा त्याचा नाही, तुमच्या रागाचा आहे. दमला असेल तर बदली गोलकीपर तयार करा, प्रॅक्टिसची वेळ अर्धा तास पुढे ढकला, आहेत की उपाय. कोचशी बोल. कोचला बदलायचं नंतर बघू.

मला मार्क विचारलेस म्हणून देतो. टीमला सहा. ग्रुपला, म्हणजे त्या व्हॉट्सॲप ग्रुपला, एक. गोलकीपरला आत्ता काहीच नाही, त्याचा पेपर मी राखून ठेवलाय, मॅच बघितल्याशिवाय देणार नाही. पुढची घरची मॅच कधी आहे ते कळव, मी येतो. छत्री घेऊन.

आणि 2022 च्या शूटआउटचा व्हिडिओ यूट्यूबवर आहे, त्याला पाठव. खाली काही लिहू नकोस, उपदेश नको, नुसता पाठव. मग ग्रुपमध्ये परत ॲड कर. ॲडमिन तूच आहेस ना?

चला, पाऊस वाढलाय, लाईट जायच्या आधी अपलोड करतो. भेटूया.