गुंत्याचे एक टोक
(गावच्या सभेत दिलेले भाषण)



अंगात ताप भरला, तर आपण दवाखान्यात जातो. बैल लंगडू लागला, तर गुरांच्या डॉक्टरला दाखवतो. पण मन दुखू लागलं, तर? तर आपण गप्प बसतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असं म्हणतो. मूठ झाकावी, हे खरं. पण ती रात्रंदिवस आवळून धरली, तर हातच कामातून जातो.

मी समुपदेशक आहे. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाचं नीट ऐकून घ्यायचं आणि त्याला वाट शोधायला मदत करायची, हे माझं काम. त्याचं मी शिक्षण घेतलं आहे. मी गंडा-दोरा देत नाही. कुणाला रागे भरत नाही.

एका शेतकऱ्याची हकिकत सांगते. त्याला विचारूनच सांगते आहे. पण त्याचं नाव-गाव सांगणार नाही. समुपदेशकाजवळ बोललेलं चारचौघांत जात नाही. हा आमचा पहिला नियम आहे.

या शेतकऱ्याचं सोयाबीन दोन वर्षं हाती लागलं नव्हतं. बँकेचं कर्ज थकलं होतं. भावाशी बांधावरून भांडण होतं. मुलगी बारावी झाली होती, तिला पुढे शिकायचं होतं. त्याला झोप येईना. घास गिळवेना. पोरांवर उगाच खेकसू लागला. बायकोने आशाताईंच्या कानावर घातलं. आशाताई त्याला माझ्याकडे घेऊन आल्या.

बराच वेळ तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही माझं कर्ज फेडणार का?"

मी म्हटलं, "नाही, दादा."

"मग बोलून काय होणार?"

मंडळी, हाच प्रश्न तुमच्याही मनात असेल. त्याचं उत्तर खरं द्यायला हवं. बोलून कर्ज फिटत नाही. बोलून पाऊस पडत नाही. मग काय होतं?

दोराचा गुंता झाला, तर तुम्ही काय करता? जोरात ओढला, तर गाठ आणखी बसते. आधी टोक शोधावं लागतं. मनाचंही तसंच आहे. माणूस रात्री एकटाच विचार करत पडतो, म्हणजे गुंता ओढत बसतो. कुणापाशी बोलू लागला, की टोक दिसतं.

पण टोक शोधण्याआधी मी त्याला एक गोष्ट सरळ विचारली. "दादा, जिवाचं बरंवाईट करावं, असं मनात येतं का?" तो रडू लागला. म्हणाला, "येतं."

काही जण म्हणतात, असं विचारू नये, त्याने माणसाच्या मनात नसलेलं भरतं. ते खरं नाही. विचारल्याने माणसाला धीर येतो. आपलं दुःख कुणाला तरी दिसलं, असं वाटतं. इथे मी त्याला आमच्या नियमाची दुसरी बाजूही सांगितली. जिवाला धोका असेल, तर गोष्ट लपवून ठेवता येत नाही. त्याच्या बायकोला आत बोलावलं. त्याला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या.

पुढच्या भेटीत मी कागद-पेन्सिल पुढे ठेवली. म्हटलं, "काय काय अडलं आहे, ते एकेक लिहा." त्याने चार ओळी लिहिल्या. पीक. बँक. भाऊ. मुलीचं शिक्षण. कागदाकडे बघून तो म्हणाला, "मला वाटत होतं, सगळंच बुडालं. ही तर चारच आहेत."

मी विचारलं, "यांतलं आधी कोणतं हाती घ्यायचं?" त्याने बँकेवर बोट ठेवलं. आठ महिने तो लाजेपायी बँकेकडे फिरकला नव्हता. सोमवारी मेव्हण्याला घेऊन बँकेत जायचं, असं त्यानेच ठरवलं. तो गेला. अर्ज लिहून दिला. पुढे हप्ते लांबवून मिळाले.

कर्ज अजून आहे. भाऊ अजून बोलत नाही. पण तो रात्री झोपतो, सकाळी शेतात जातो. मुलगी कॉलेजात शिकते आहे.

हे काम फक्त शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनीच करावं, असं नाही. आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथे डिक्सन चिबांडा हे मनाचे डॉक्टर आहेत. त्यांच्यासारखे डॉक्टर त्या देशात फार थोडे. म्हणून २००६ साली त्यांनी हरारे शहरात १४ आज्यांना हे काम शिकवलं. दवाखान्याबाहेर लाकडी बाक ठेवले. आजी बाकावर बसायची, दुखावलेला माणूस शेजारी बसायचा. तिथले लोक या दुखण्याला 'फार विचार करणं' म्हणतात. आपणही तेच म्हणतो, नाही का? आजी ऐकून घ्यायची, आणि एक अडचण निवडायला लावायची. २०१६ साली याची तपासणी प्रसिद्ध झाली. आज्यांशी बोललेल्यांना सहा महिन्यांनी इतरांपेक्षा जास्त आराम पडला होता.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावात बाक कुठे आहे? तुमच्या खिशातला फोन हाच बाक. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही सोय सुरू केली. नंबर आहे १४४१६. पैसे पडत नाहीत. दिवसा करा, रात्री करा. मराठीत बोलता येतं.

पोलिसांची भीतीही धरू नका. २०१७ च्या कायद्याने सांगितलं आहे, की जीव द्यायला निघालेला माणूस भारी ताणाखाली असतो, असंच धरायचं. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

आणि समुपदेशक तुमच्यावर हुकूम चालवील, असंही समजू नका. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे.' टोक शोधायला दुसऱ्याचा हात लागतो. गाठ सोडवायची ती आपणच.

तुम्ही आता लिहायला शिकलात. घरी गेल्यावर एक काम करा. भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, मोठ्या अक्षरांत हे पाच आकडे लिहा : १ ४ ४ १ ६. तुम्हांला लागणार नाहीत कदाचित. पण दारी आलेल्या शेजाऱ्याला ते दिसतील.