वसईचा दुभाष्या आणि जपानचा हिवाळा

(वाडी येथील धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा मी मोठ्या संकोचात पडलो. मी ना धर्मगुरू, ना पंडित. मुलांस शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले असा एक साधा प्रापंचिक ख्रिस्ती मनुष्य. अशाने या जागेवरून कोणास काय सांगावे? परंतु विचार करता करता मला आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका पुरुषाची आठवण झाली, आणि माझा संकोच पुष्कळसा दूर झाला. कारण तो पुरुषही धर्मगुरू नव्हता. त्याने कधी वेदीवर मिस्साबलिदान अर्पण केले नाही, की कोणाचे पापनिवेदन ऐकले नाही. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत नेऊन पोहोचवावे, हे त्याचे काम. तेच काम करीत असता परदेशी क्रूसावर त्याचे प्राण गेले, आणि आज ख्रिस्तसभा त्यास संत म्हणून वंदन करिते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ते हेच होत.

त्यांचे स्मरण आजच का करावे, हेही सांगितले पाहिजे. हल्ली आपल्या तरुण मंडळीत एक प्रश्न वारंवार निघतो. दहा-पंधरा दिवसांकरिता, फार तर महिन्याभराकरिता, एखाद्या दूरच्या मुलखात सेवेस व सुवार्तेस जाण्याची चाल आता सर्वत्र पडली आहे. कोणी म्हणतात, एवढ्या थोड्या दिवसांत काय व्हायचे? कोणी म्हणतात, फळ देणे देवाच्या हाती, आपण निघावे. या दोन्ही पक्षांस पुरेसे उत्तर, माझ्या अल्पमतीप्रमाणे, १५९७ सालच्या हिवाळ्यात जपानच्या खेड्यापाड्यांतून निघालेल्या एका चार आठवड्यांच्या यात्रेत आहे.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. गोन्सालोचा पिता पोर्तुगीज आणि माता वसईचीच. पंधरा-सोळा वर्षांचे वय असता, १५७२ च्या सुमारास, हा मुलगा येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर गलबताने जपानास गेला. तेथे सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले, आणि ते करिता करिता जपानी भाषा अशी आत्मसात केली की ती त्याच्या जिभेची झाली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. मग त्याने मकाव येथे व्यापार मांडला, तो भरभराटीस आणिला, आणि अखेर तोही सोडून फिलिपाइन्समधील मनिला येथे १५८७-८८ च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून प्रवेश केला.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ज्याची पहिली इच्छा निष्फळ झाली, त्याने घेतलेली विद्या मात्र निष्फळ झाली नाही. १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याजकडे वकिलात पाठविली. तिचे प्रमुख फादर पीटर बाप्टिस्ट मोठे विद्वान व पुण्यशील गृहस्थ. परंतु त्यांस जपानी येत नव्हते. राजसभेत बोलावयाचे कोणी? तेव्हा वसईचा हा बंधू पुढे आला. ज्याच्या हुकमाने सारा जपान हलत असे, त्या पुरुषासमोर फ्रान्सिस्कनांचे म्हणणे मांडावयाचे काम एका अदीक्षित बंधूच्या वाट्यास आले. पुढे क्योतो शहरी जमीन मिळाली, १५९४ मध्ये देऊळ उभे राहिले, आणि त्याजवळ महारोग्यांकरिता रुग्णालये निघाली. ज्यांस आपल्या घरच्यांनीही टाकिले, त्यांची तेथे शुश्रूषा होऊ लागली. रोग्याचे दुखणे ऐकून घ्यावयास औषधाच्या आधी भाषा लागते, हे ज्याने कोणा आजाऱ्याची सेवा केली आहे त्यास सांगावयास नको.

परंतु वारे फिरावयास वेळ लागला नाही. हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांस देश सोडून जाण्याचा हुकूम काढिला होता; तो काही काळ नुसता कागदावर राहिला. १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर फुटले. त्याचा माल जप्त होत असता, आधी पाद्री येतात व मागून फौज येते, अशा अर्थाचे बोलणे त्या गलबतावरील एका माणसाच्या तोंडून निघाले, असे म्हणतात. ते बोलणे खरोखर झाले की नाही, यावर इतिहासकारांत आजवर वाद आहे. परंतु संशयास एवढे निमित्त पुरले. सुवार्तेच्या सोबतीस जेव्हा तोफ व तिजोरी चालू लागते, तेव्हा सुवार्तेवरचा विश्वास उडतो, आणि त्याचे मोल पुष्कळदा निरपराध्यांस द्यावे लागते, हा धडा आपणही विसरता कामा नये.

१५९६ च्या डिसेंबरात पहारे बसले व धरपकड झाली. चोवीस जणांस मृत्युदंड सांगण्यात आला. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, आणि लोकांस दहशत बसावी म्हणून गाड्यांवर बसवून त्यांची धिंड काढण्यात आली. दंडाची जागा ठरली ती मात्र जवळची नव्हती. दूर दक्षिणेस, पुष्कळ ख्रिस्ती जन जेथे राहात होते त्या नागासाकीस, त्यांनी चालत जावे आणि वाटेतील प्रत्येक गावाने त्यांस पाहावे, असा हुकूम होता.

ते अंतर सुमारे ८०० किलोमीटर. आपण वाडीकरांनी ते कसे समजून घ्यावे? नागपूर ते मुंबई रेल्वेची वाट सुमारे ८४० किलोमीटर भरते. आपल्या गावच्या वखारींतून माल भरून पश्चिमेस निघालेल्या मोटारी अमरावती रस्त्याने जाताना आपण रोज पाहतो. त्याच रस्त्याने कोणी वाडीहून पायी निघावे आणि वसईपर्यंत चालावे, जवळजवळ तेवढी ती वाट. त्यात ऋतू जानेवारीचा. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरास पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा आपण शेकोटीपासून हललो नाही. जपानचा हिवाळा याहून कडक; त्यात कानाची जखम ओली, आणि जिवावरची शिक्षा पुढे ठाकलेली.

सुमारे चार आठवडे ही मंडळी चालली. कोठे पायी, कोठे घोड्यावर, कोठे नावेतून. ओकायामा, मिहारा, हिरोशिमा यांवरून शिमोनोसेकीची खाडी ओलांडून क्यूशू बेटात. त्यांची शुश्रूषा करण्याकरिता सोबत चाललेल्या दोघांसही वाटेत धरून त्यांत सामील केले, आणि चोविसांचे सव्वीस झाले. त्यांत वीस जण जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईकर. त्या जपान्यांत धर्मशिक्षक होते, सुतार होते, रुग्णालयाचे सेवक होते. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी हा आपल्या पित्याबरोबर चालत होता. मिहारा येथे मुक्कामास असता त्याने आपल्या आईस पत्र लिहिले: आमची चिंता करू नये, धाकट्या भावांस सांभाळावे, त्यांस परक्यांच्या हाती देऊ नये, अशा आशयाचे. ते पत्र मागाहून त्याच्या पित्याच्या रक्ताने भिजलेल्या वस्त्रांत सापडले. बारा वर्षांचा लुईस इबाराकी सर्वांत लहान. धर्म सोडशील तर प्राण वाचवितो, असे अंमलदाराने त्यास म्हटले. त्या मुलाने ते मानिले नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी ही मंडळी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोहोचली. तेथे सव्वीस क्रूस तयार होते. परंपरा सांगते की बंधू गोन्सालो सर्वांच्या आधी पुढे झाले व आपल्या क्रूसास त्यांनी आलिंगन दिले. पॉल मिकी नामक जपानी येशूसंघीय बंधूने क्रूसावरून लोकांस उपदेश केला आणि आपणांस मारणाऱ्यांस क्षमा केली. मग भाल्यांनी त्या सर्वांचा अंत करण्यात आला. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांस धन्य ठरविले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेल्यांपैकी संतपदास पोहोचलेले गोन्सालो हे पहिले होत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ती यात्रा अवघ्या चार आठवड्यांची. मग एवढ्या थोड्या दिवसांत काय झाले? १६१४ च्या बंदीनंतर जपानात ख्रिस्ती नाव घेणेही प्राणघातक झाले, आणि पुढे सुमारे दोनशे वर्षे तेथे एकही धर्मगुरू उरला नाही. तरीही १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा देवळात, जे या सव्वीस हुतात्म्यांच्याच नावाने बांधिले होते, उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि फादर पेतिजाँ यांस हळूच म्हणाले की आमचे व आपले अंतःकरण एकच आहे. सात पिढ्या या लोकांनी विश्वास जपिला तो कोणी? बाप्तिस्मा देणाऱ्या साध्या शेतकऱ्यांनी, प्रार्थना पाठ करविणाऱ्या आयाबायांनी. ज्या टेकडीवर थॉमस व लुईस यांनी प्राण दिले, ती टेकडी ते विसरले नव्हते. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ च्या फेब्रुवारीत आणि पोप फ्रान्सिस २०१९ च्या नोव्हेंबरात त्याच टेकडीवर प्रार्थनेस गेले.

परंतु माझ्या बंधूंनो, त्या चार आठवड्यांमागे गोन्सालोची पंचवीस वर्षे उभी होती, हे ध्यानी घ्या. १५७२ मध्ये कोवळ्या वयात शिकू लागलेली भाषा, अपेक्षाभंगातही न टाकिलेली, व्यापारातही न गंजलेली, तीच त्यांस त्या लोकांशी जोडून गेली. अखेरच्या वाटेवर ते जपान्यांमध्ये परके म्हणून चालले नाहीत. थोड्या दिवसांची सेवा व्यर्थ नसते. परंतु तिच्या आधी दीर्घ काळ कान देणे झाले असेल, तरच. ज्याची भाषा शिकण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत, त्याच्या दारी आपण पाहुणे म्हणून जातो आणि पाहुणे म्हणूनच परत येतो.

हे मी दुसऱ्यास शिकविण्याकरिता बोलत नाही. माझे बालपण बल्लारशा येथे गेले. शेजार तेलुगू असल्याने ती भाषा मला कामापुरती येते. काही वर्षांमागे थंडीच्याच दिवसांत एका दवाखान्यात मी आपल्या कामास गेलो होतो. तेथे मजुरी करण्यास आलेली एक तेलुगू बाई आजारी मूल मांडीवर घेऊन बसली होती. औषध कसे द्यावयाचे हे तिला सांगितले जात होते, आणि तिला एक अक्षर उमगत नव्हते. मला उमगत होते. परंतु मला घाई होती. कोणी तरी सांगेल, असे मनास समजावून मी बाहेर पडलो. दाराशी वळून पाहिले तेव्हा ती पुडीकडे नुसती पाहात होती. त्या मुलाचे पुढे काय झाले हे मला कळले नाही, आणि ते न कळणे हीच माझी शिक्षा आहे. जपानास जाण्याची मला गरज नव्हती. दहा पावलांवर माझे जपान बसले होते, आणि मी दुभाष्या असून मुका राहिलो.

आपली वाडी पहा. वखारी, मोटारी, जवळचा दारूगोळ्याचा कारखाना, यांमुळे येथे नाना प्रांतांचे लोक येतात. एकाच देवळात मराठी, हिंदी, मल्याळी, तामिळ बोलणारी कुटुंबे शेजारी गुडघे टेकितात आणि बाहेर पडताच आपापल्या घोळक्यात उभी राहतात. महोत्सवाकरिता आपण वर्गणी काढिली, रंग दिला, दिवे लाविले. हे सारे योग्यच झाले. परंतु माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षात प्रत्येक घराने आपल्या शेजारच्या एका बाकावरील कुटुंबाच्या भाषेत निदान विचारपूस करण्यापुरते शिकावे. आणि दवाखान्यात, कचेरीत, शाळेत ज्यास बोलता येत नाही, त्याच्याबरोबर जाण्यास आपल्या मंडळीतून काहींनी आपली नावे द्यावीत. पहिले नाव माझे लिहून घ्यावे. तरुणांनी दूरदेशी सेवेस जरूर जावे. परंतु येथे ज्यांची तालीम झाली आहे त्यांनी जावे.

फेब्रुवारीच्या ६ तारखेस ख्रिस्तसभा या हुतात्म्यांचा सण पाळते. त्या दिवशी पहाटेच्या थंडीत मिस्सेस येताना त्या वाटेचे स्मरण ठेवा. वसईच्या त्या बंधूने परक्याचे शब्द आपल्या जिभेवर घेतले. त्यांच्या विनवणीने आपल्या मुक्या जिभा मोकळ्या होवोत, अशी प्रभूचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.