किती वाव पाणी?



मुलांनो, इथे तुमच्या शाळेत येताना आपला पवई तलाव लागला. तो तुडुंब भरला तरी सर्वांत खोल जागी साधारण 12 मीटरच असतो. आता समुद्रात चला. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर दूर, बॉम्बे हायला जिथे तेल निघतं, तिथेही पाणी 75 मीटरच्या आसपास. पवईतली पंचवीस मजली इमारत जेमतेम बुडेल, इतकंच. वर्सोव्याचे, मढचे कोळीबांधव मासळी आणतात ती बहुतेक अशाच उथळ, उजेडाच्या पाण्यातली.

पण 200 मीटरखाली उजेड विझू लागतो. तिथून 1000 मीटरपर्यंत संधिप्रकाशाचा थर. अरबी समुद्रात या थरात प्राणवायू फार कमी, तरी तिथे बोटाएवढे कंदीलमासे थव्यांनी राहतात. त्यांच्या पोटावर बारीक दिव्यांच्या ओळी असतात. खालून शिकारी वर बघतो तेव्हा त्याला माशाची काळी सावली दिसायला हवी. पोटावरचे दिवे वरच्या उजेडाइतकेच मंद पेटतात आणि ती सावली पुसून टाकतात. लपण्यासाठी दिवा लावायचा! इतकी वर्षं झाली, मला याचं नवल सरत नाही. आज रात्री तुमच्या नाटकाचा पडदा वर जाईल, तेव्हा हे मासे शेकडो मीटर वर येऊन चरत असतील. पहाटे पुन्हा खाली. हे रोजचंच.

1000 मीटरखाली सूर्य पोचतच नाही. वरून झिरपत येणारा मेलेल्या जिवांचा चुरा, हाच तिथला मुख्य आहार. तिथल्या चिखलावर तिपाई मासा परांच्या तीन लांब काट्यांवर उभा राहतो आणि प्रवाहाकडे तोंड करून भक्ष्याची वाट बघतो. हा कोण, ठाऊक आहे? आपल्या बोंबलाचा भाऊबंद! शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच गणात घातलंय.

त्याहून खोल, 6000 मीटरवर, तीन माणसं उतरवायची म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने ‘मत्स्य 6000’ हे पाणबुडं यान हाती घेतलं आहे. माणसं बसणार 2.1 मीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या गोळ्यात. बाहेरचा दाब हवेच्या सुमारे 600 पट.

मुलांनो, या रविवारी मासळीबाजारात जा. एक बोंबील हातात घ्या, त्याचा जबडा उघडा, आत वळलेले सुईसारखे दात बघा. आणि कोळीणमावशींना, त्यांच्या खोली मोजायच्या मापात, एवढं विचारा: मावशी, जाळं किती वाव पाण्यात होतं?