मारहाणीला धर्माचा आधार आहे का? शिरीन फोझदार यांच्या सिंगापुरातून

आजच्या भाषणाचा विषय जरा नाजूक आहे. इस्लाममध्ये बायकोशी कसं वागावं याबद्दल काय सांगितलं आहे, आणि आपण ज्या शहरात राहतो त्या सिंगापूरमध्ये मुस्लिम स्त्रीला नवऱ्याच्या मारहाणीपासून कोणतं संरक्षण मिळतं, याविषयी मी बोलणार आहे. आपल्या घरगुती गप्पांमध्ये हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘त्यांच्या धर्मातच मारायची परवानगी आहे.’ दुसरं, ‘इस्लाममध्ये असलं काही नाहीच.’ दोन्ही वाक्यं घाईची आहेत. आपल्यात कोकणातली, मराठवाड्यातली मराठी मुस्लिम कुटुंबंही आहेत, आणि आपल्या ब्लॉकमध्ये मलय शेजारी तर असतातच. तेव्हा नीट माहिती घेतलेली बरी.

सुरुवात मुंबईच्या एका मुलीपासून करते. शिरीन फोझदार यांचा जन्म १९०५ साली मुंबईत झाला. आईवडील इराणी, बहाई धर्माचे. काही शिक्षण पाचगणीच्या शाळेत झालं. १९५० साली त्या पतीबरोबर सिंगापूरला आल्या. त्या काळी इथल्या मुस्लिम समाजात तलाकांचं प्रमाण फार मोठं होतं. नवऱ्यानं शब्द उच्चारला की बाई मुलांसह रस्त्यावर. शिरीनबाईंनी १९५२ साली सिंगापूर कौन्सिल ऑफ विमेन ही संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला आणि विवाहाच्या कायद्यांत बदल व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.

पण हे सगळं बाहेरून आलेल्या एका बाईनं केलं असं समजू नका. मुस्लिम स्त्रिया आधीपासूनच कामाला लागल्या होत्या. चे झहारा यांनी १९४७ साली मलय स्त्रियांसाठी कल्याण संघटना काढली. निराधार बायका आणि अनाथ मुलांना त्या स्वतःच्या घरात आसरा देत. खतिजुन निसा सिराज यांनी १९५२ साली सहकारी स्त्रियांबरोबर तरुण मुस्लिम स्त्रियांची संघटना सुरू केली. तीच आजची ‘पीपीआयएस’. या सगळ्यांच्या रेट्यातून १९५७ चा मुस्लिम्स ऑर्डिनन्स आला आणि १९५८ साली सिंगापूरचं शरिया कोर्ट सुरू झालं. तलाक आता घरातल्या एका शब्दावर न राहता कोर्टासमोर आला. पुढे १९६१ साली विमेन्स चार्टर हा कायदा झाला.

आता धर्मग्रंथाकडे वळू. कुराणाच्या चौथ्या अध्यायाचं, म्हणजे सूरह निसाचं, चौतिसावं वचन या वादाच्या मध्यभागी आहे. नवराबायकोत बेबनाव झाला तर नवऱ्यानं आधी समजवावं, मग बिछाना वेगळा करावा, असं सांगून तिसरी पायरी म्हणून ‘दरब’ या धातूपासून आलेलं एक क्रियापद तिथे येतं. त्याचा नेहमीचा अर्थ ‘मारणं’ असा आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. बहुसंख्य जुन्या भाष्यकारांनी तोच अर्थ घेतला. मात्र त्यांनी मर्यादाही घातल्या. चेहऱ्यावर नको, इजा नको, वळ उठता कामा नये. काहींनी तर दातवणाच्या काडीचा दाखला दिला, म्हणजे ती कृती केवळ नावापुरती उरते.

याच परंपरेत वेगळे आवाजही फार जुने आहेत. मक्केचे अता इब्न अबी रबाह हे सुरुवातीच्या पिढ्यांतले नामवंत विधिज्ञ. नवऱ्यानं राग दाखवावा, पण हात उगारू नये, असं त्यांचं मत नोंदलेलं आहे. विसाव्या शतकात ट्युनिशियाचे इब्न आशूर यांनी सांगितलं की नवरे या वचनाचा गैरवापर करत असतील, तर राज्यकर्त्यांनी त्यांना सरळ मनाई करावी आणि शिक्षाही द्यावी. अमेरिकेतल्या लाले बख्तियार यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषांतरात त्या क्रियापदाचा अर्थ ‘त्यांच्यापासून दूर व्हा’ असा केला. सगळ्यांना तो पटला नाही, पण वाद जगभर झाला. आपल्या मुंबईचे असगर अली इंजिनिअर यांनीही आयुष्यभर मांडलं की ही वचनं त्या काळाच्या संदर्भात वाचायला हवीत आणि कुराणाचा मूळ रोख न्यायाकडे आहे.

या मांडणीला आधार कुठून मिळतो? एक, पैगंबरांच्या वागण्यातून. त्यांनी कधीही स्त्रीवर किंवा नोकरावर हात उचलला नाही, असं त्यांच्या पत्नी आयेशा यांच्या नावे हदीसमध्ये नोंदलेलं आहे. जो आपल्या बायकोशी उत्तम वागतो तोच तुमच्यातला उत्तम माणूस, या आशयाची हदीसही प्रसिद्ध आहे. दोन, कुराणाच्या इतर वचनांतून. पतीपत्नीमधलं नातं प्रेमाचं आणि दयेचं आहे असं एके ठिकाणी येतं, तर बायकांशी भलेपणानं वागा असं दुसरीकडे. आणि चौतिसाव्या वचनाला अगदी लागून असलेलं पस्तिसावं वचन सांगतं की भांडण विकोपाला जाण्याची भीती असेल तर दोन्हीकडच्या घरांतून एकेक मध्यस्थ नेमा. आपल्याकडे वडीलधारे बैठक बसवतात ना, तसंच काहीसं. सिंगापूरच्या कायद्यात या मध्यस्थांना आजही जागा आहे. त्यांना ‘हकम’ म्हणतात आणि शरिया कोर्ट त्यांची नेमणूक करू शकतं.

आता इथला कायदा कसा चालतो ते पाहू. मुस्लिमांचे विवाह, तलाक या बाबी ‘आमला’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या १९६६ च्या कायद्याखाली येतात. निकाहाच्या वेळी इथे ‘तकलीक’ची प्रथा आहे. नवरा काही अटी मान्य करतो. पोटगी न देता बायकोला टाकून गेलो, तिला मारहाण केली, आणि तिनं शरिया कोर्टात तक्रार करून ती सिद्ध झाली, तर तलाक पडेल, अशा त्या अटी. म्हणजे मारहाण हे विवाह तुटण्याचं कारण होऊ शकतं, हे लग्नाच्या दिवशीच नवऱ्याच्या तोंडून वदवून घेतलेलं असतं! याशिवाय ‘फसख’ हा मार्ग आहे. नवरा क्रूरपणे वागतो हे दाखवून पत्नी कोर्टाकडून विवाह रद्द करून घेऊ शकते.

आपल्याकडच्या मुस्लिम स्त्रीलाही असा हक्क १९३९ च्या कायद्यानं दिलेला आहे. त्यात नुसती मारहाणच नाही, तर अंगाला हात न लावता जगणं नकोसं करणारी क्रूर वागणूकही धरली आहे. पण कागदावरचा हक्क घरापर्यंत पोचायला माणसं लागतात. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची होती. सात बायका म्हणजे किती कमी, असं वाटेल. पण त्या काळी त्या सातजणींना काय काय सोसावं लागलं असेल याचा विचार करा. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं आणि टाकलेल्या बायकांना उभं करण्याचं काम चालू राहिलं. दलवाईंचा मार्ग धर्मचिकित्सेचा होता. पुढे २००७ साली सुरू झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं कुराणाचाच आधार घेऊन हक्क मागितले. वाटा वेगळ्या, पण मार खाणाऱ्या बाईला दोन्हींचं उत्तर एकच: हे सहन करायची गरज नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. विमेन्स चार्टरमधले विवाहाचे आणि घटस्फोटाचे नियम मुस्लिमांना लागू नसले, तरी घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा भाग सर्वांना लागू आहे. हिंदू असो, मुस्लिम असो, ख्रिश्चन असो. कुठलीही पत्नी फॅमिली कोर्टाकडे ‘पीपीओ’, म्हणजे व्यक्तिगत संरक्षणाचा आदेश मागू शकते. गरज पडली तर नवऱ्यानं घरात राहू नये असाही आदेश मिळतो. आदेश मोडणं हा गुन्हा आहे. २०२३ साली कायद्यात सुधारणा झाली आणि ती २ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. शारीरिक, लैंगिक आणि मानसिक छळ हे तिन्ही हिंसेत मोडतात हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ‘आमच्या धर्मात चालतं’ हा बचाव या कोर्टात चालत नाही, कुणाचाच.

श्रोतेहो, इथे जरा आपल्याकडेही पाहू या. मुस्लिम घरात ‘सब्र कर’ म्हणतात. आपल्या घरात ‘जरा सांभाळून घे, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणतात. शब्द वेगळे, सल्ला तोच. आणि डिपेंडंट पासवर आलेल्या आपल्या कितीतरी लेकीसुनांची अडचण दुहेरी आहे. पास नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, माहेर चार हजार किलोमीटरवर, आणि ‘तुला परत पाठवून देईन’ ही धमकी. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: संरक्षणाचा आदेश मागायला इथलं नागरिक असण्याची अट नाही.

शेजारच्या घरातून रोज आरडाओरडा ऐकू येत असेल, तर ‘त्यांचं त्यांच्यात’ म्हणून दार लावून घेऊ नका. त्या बाईला एकटीला गाठून विचारा, ‘ताई, सगळं ठीक आहे ना?’ ती लगेच बोलणार नाही. पुन्हा विचारा. तिला मध्यस्थीचा उपदेश करू नका, आणि नवऱ्यासमोर तर विषय काढूच नका. तिची कागदपत्रं, थोडे पैसे, एक जोड कपडे तुमच्याकडे ठेवायला सांगा. कासा रौधा ही इथली एक संस्था कुठल्याही धर्माच्या स्त्रीला आणि मुलांना आसरा देते.

कागद-पेन्सिल घ्या. घरगुती हिंसेसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १८००-७७७-००००. चोवीस तास चालू असते. पुन्हा सांगते, १८००-७७७-००००. जिवाला धोका असेल तर थेट पोलिसांना ९९९ वर फोन करा. हा नंबर स्वतःला नको असला तरी फोनमध्ये साठवून ठेवा. कुणाला तरी लागेल.