पऱ्हे तेच, बांधी नवी: एक्सव्ही-सिक्सचं पोर्टिंग

हेडफोन घातलेत ना? चला, सुरू करू.

आरमोरीहून एका दोस्ताचा व्हॉइस मेसेज आलाय. म्हणतो, "दादा, आयआयटी मुंबईची ऑपरेटिंग सिस्टीमची लेक्चर्स मोबाईलवर बघतो. पण मी डाउनलोड केलेला कोड त्यांच्या कोडशी जुळतच नाही. सोडून देऊ का?"

नाही रे भाऊ, सोडू नको. तुझं काहीच चुकलं नाही. लेक्चरमध्ये आहे जुन्या प्रोसेसरची आवृत्ती, आणि तुझ्याकडे आलीय नव्या प्रोसेसरवर पोर्ट केलेली.

ही सिस्टीम म्हणजे एक्सव्ही-सिक्स. ती कोणाच्या फोनवर नसते, फक्त शिकण्यासाठी बनवलेली आहे. तिचं मूळ १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत. ते युनिक्स पीडीपी-११ या मशीनवर चालायचं. ती मशीन जुनी झाली, म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीत २००६ मध्ये त्याच धर्तीवर एक्स-८६ प्रोसेसरसाठी एक्सव्ही-सिक्स लिहिली गेली. २०१९ मध्ये तिथला कोर्स रिस्क-फाइव्हवर गेला.

मग पोर्टिंग म्हणजे सगळं नव्यानं लिहायचं का? आपल्याकडची रोवणी आठवा. पऱ्हे तेच असतात, बांधी बदलते. नव्या बांधीत चिखलणी करावी लागते, धुरे बांधावे लागतात, पाणी कुठून येतं ते बघावं लागतं. पण धान तेच.

इथंही तसंच आहे. फाइल सिस्टीम, पाइप, शेल हे सीमध्ये लिहिलेलं, ते जवळपास तसंच राहिलं. बदललं ते जमिनीला चिकटलेलं. मशीन सुरू होतानाचा कोड बदलला. पेज टेबल दोन पातळ्यांचं होतं, ते तीन पातळ्यांचं झालं. पेज मात्र तेच ४०९६ बाइटचं. सिस्टीम कॉलसाठी एक्स-८६ वर 'इंट' सूचना होती, आता 'ईकॉल' आली.

एक सोपं उदाहरण घ्या. एक प्रोसेस थांबवून दुसरी चालवायची, तर रजिस्टर जपून ठेवावे लागतात. जुना कोड चार रजिस्टर स्टॅकवर ढकलतो. नवा कोड चौदा रजिस्टर मेमरीत ठरलेल्या जागी लिहितो. काम एकच: "मी कुठं होतो ते लक्षात ठेव."

म्हणून कोड जुळत नाही तिथंच खरं शिकायला मिळतं. जे दोन्हीकडे सारखं, ती कल्पना. जे वेगळं, तो प्रोसेसर. एकच आवृत्ती वाचली तर हा फरक कळतच नाही, आणि चिप बदलली की आपलं शिकलेलं वाया गेलं असं वाटतं.

चिप तर बदलणारच आहे. आयआयटी मद्रासचे 'शक्ती' आणि सी-डॅकचे 'वेगा' हे आपल्या देशात बनवलेले प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच आहेत. उद्या त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर कोणीतरी पोर्ट करेल. तो गडचिरोली-चंद्रपूरचा पोरगा किंवा पोरगी का नसावी?

महागडा बोर्ड लागत नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या कॉम्प्युटरवर क्यूएमू हा मोफत एम्युलेटर टाका, तो रिस्क-फाइव्हचं सोंग घेतो.

या आठवड्याचा गृहपाठ: दोन्ही आवृत्त्यांतली ती रजिस्टरवाली फाइल शेजारी शेजारी उघडा. छोटीशीच आहे. काय सारखं, काय वेगळं, ते वहीत लिहा आणि मला व्हॉइस मेसेज करा.

आरमोरीच्या दोस्ता, पहिला मेसेज तुझा यायला पाहिजे बरं का! भेटू पुढच्या भागात.