अकरावीचा अर्ज आणि समतेचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर शिकत होते, तेव्हा दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेण्याची त्यांची इच्छा होती. ते अस्पृश्य जातीचे, म्हणून त्यांना ती घेऊ दिली गेली नाही. त्यांनी फारसी घेतली आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृतचा अभ्यास केला, हा त्यांच्या ज्ञाननिष्ठेचा पुरावा होय. परंतु त्यामुळे शाळेत झालेल्या अन्यायाचे परिमार्जन होत नाही. कोणता विषय कोणी शिकावा हे ठरविण्याची सत्ता हीदेखील एक सामाजिक सत्ताच असते, हा धडा त्या प्रसंगातून घ्यावयाचा आहे.

आज कोणताही मुख्याध्यापक जातीचे नाव घेऊन विषय नाकारू शकत नाही. संविधानाने ती वाट बंद केली आहे. तरीही शहरातील नामांकित महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेत कोणाची मुले बसली आहेत आणि आडगावच्या एकुलत्या एक कला शाखेत कोणाची, हे पाहिले म्हणजे नकार संपलेला नाही, हे ध्यानात येते. पूर्वी नकार देणारा माणूस समोर उभा असे. आता तो दिसत नाही, आणि म्हणून त्याच्याशी भांडणेही अवघड होऊन बसले आहे.

अर्जातील रकाने

दहावीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी अकरावीचा अर्ज भरतो. २०२५ सालापासून ही प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली. कला, वाणिज्य, विज्ञान अशा शाखा आणि महाविद्यालयांचे पसंतिक्रम त्यात भरावयाचे असतात. वरवर पाहता यापेक्षा अधिक मोकळीक ती कोणती? कोणी सक्ती करीत नाही, कोणी अडवीत नाही. परंतु ज्या निवडीचे परिणाम निवडणाऱ्याला ठाऊक नाहीत, तिला स्वातंत्र्य म्हणता येईल काय?

परिणाम कोणते, ते नीट समजून घेतले पाहिजे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. अभियांत्रिकीच्या राज्य सीईटीत जीवशास्त्राच्या जागी गणित येते, आणि त्या २०० गुणांच्या परीक्षेत एकट्या गणिताला १०० गुण आहेत. वास्तुशास्त्राच्या पदवीलाही गणित लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूदल विभागाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि वायुदल यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. परिचारिकेच्या पदवीला जीवशास्त्राचा गट लागतो. कृषी आणि औषधनिर्माण या पदव्यांना मात्र गणित वा जीवशास्त्र यांपैकी कोणताही गट चालतो. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, कला शाखेच्या पदव्या, सनदी लेखापालाची परीक्षा यांना शाखेचे बंधन नाही. आणि लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी पुरते.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की विज्ञान श्रेष्ठ आणि कला कनिष्ठ. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांच्या अभ्यासावाचून समाजपरिवर्तनाची भाषा बोलता येत नाही. ज्या मुलीला वकील व्हायचे आहे तिने कला शाखा घेतली, तर तिने काहीच गमावले नाही. प्रश्न आहे तो परिचारिका होण्याचे स्वप्न मनात धरून, ‘जवळ आहे’ म्हणून कला शाखेत जाणाऱ्या मुलीचा. आपल्यामागे एक दार बंद झाले, हे तिला दोन वर्षांनी, बारावीचा निकाल हाती आल्यावर कळते.

गणिताचे कुलूप

या सर्व दारांत गणिताचे दार सर्वांत आधी आणि सर्वांत गुपचूप बंद होते. वाणिज्य शाखेत कित्येक ठिकाणी गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, अशी निवड असते. ‘गणित अवघड, गुण कमी पडतात’ या सल्ल्यावर असंख्य विद्यार्थी दुसरा विषय घेतात. पुढे संख्याशास्त्र, अर्थशास्त्राचा वरचा अभ्यास वा संगणकाचे शिक्षण यांकडे वळावेसे वाटले, तर पाया कच्चा राहिल्याचे तेव्हा कळते. कला शाखेतही गणित घेण्याची तरतूद आहे. पण ते शिकविणारे कनिष्ठ महाविद्यालय खेड्यापाड्यांत शोधूनही सापडत नाही.

येथे एक आक्षेप चळवळीतूनच घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दहावीला नापास होणाऱ्यांत गणितात अडलेली मुले फार असतात आणि त्यांत गरिबांची मुले अधिक असतात. तेव्हा गणिताचा आग्रह धरणे म्हणजे गरिबांनाच शाळेबाहेर ढकलणे नव्हे काय? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे. त्याच कळकळीतून दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय एके काळी दिला गेला. तो घेतलेल्यांना पुढे गणित घेता येत नसे. पुढे तो पर्याय बंद झाला. २०२४ साली राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात, गणित व विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ द्यावे आणि अशा विद्यार्थ्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा, अशी सूचना आली. दोन्ही उपायांची जात एकच आहे. विद्यार्थ्याला एका दारातून आत घ्यावयाचे आणि त्याच वेळी पुढचे दार बंद करावयाचे. ज्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत आहे त्या घरचे मूल हा शेरा घेणार नाही. तो कोणाच्या गुणपत्रिकेवर उमटेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

नापास होणाऱ्या मुलावर खरा उपाय आहे तो पाचवी-सहावीपासून गणिताचा चांगला शिक्षक देण्याचा. तो खर्चाचा आहे. शेरा मारावयास खर्च येत नाही.

आवड आणि एस.टी.चे वेळापत्रक

मुलाने आवडीप्रमाणे विषय घ्यावेत, असा उपदेश दरवर्षी निकालाच्या दिवसांत वृत्तपत्रे करतात. पण ग्रामीण भागात आवड ठरविते कोण? विज्ञान शाखेला प्रयोगशाळा लागते, गणित-भौतिकशास्त्राचे मान्यताप्राप्त शिक्षक लागतात. म्हणून लहान गावात निघते ती कला शाखा. विज्ञानाची तुकडी असते ती तालुक्याच्या गावी, आणि तीही पुष्कळदा विनाअनुदानित, म्हणजे शुल्क भरूनच. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येणे मुलग्याला कसेबसे जमते. मुलीच्या बाबतीत घरचे म्हणतात, ‘गावातच आहे ना कॉलेज!’ अशा रीतीने एस.टी.चे वेळापत्रक मुलीचा अभ्यासक्रम ठरविते.

या पार्श्वभूमीवर २०२४ सालचा शासनाचा निर्णय पाहावा. वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, मागास व आर्थिक दुर्बल प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षणशुल्क माफ झाले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु अभियांत्रिकीचे शुल्क माफ होऊन त्या मुलीला काय लाभ, जिच्या गावी अकरावीला गणितच नव्हते? शेवटच्या पायरीवर गालिचा घातला आणि पहिली पायरी बांधलीच नाही, असा हा प्रकार होतो.

विज्ञान शाखेत पोचलेल्यांचीही सुटका नाही. ‘नीट’च्या ७२० गुणांत भाषेला स्थान नाही, सीईटीतही नाही. त्यामुळे मराठी सोडून माहिती तंत्रज्ञान वा गुण देणारी एखादी परकीय भाषा घेण्याकडे कल वाढतो. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते, पण अकरावी-बारावीचे विज्ञान प्रामुख्याने इंग्रजीतूनच शिकविले जाते, तेव्हा मराठी शाळेतून आलेल्या मुलाला त्या मराठी प्रश्नपत्रिकेचाही उपयोग होत नाही. महाविद्यालयात नावापुरती हजेरी आणि खरा अभ्यास खाजगी क्लासमध्ये, ही रीत आता उघड झाली आहे. विषय सरकारी अभ्यासक्रमाचा आणि तो शिकण्याची किंमत बाजाराची, अशी ही व्यवस्था आहे.

आयोगांचे शब्द

धोरणांत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा आणि विविध अभ्यासगट सुचविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण मिळावे, त्यात गणित व विज्ञान सर्वांना असावे, असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामधील कडक भिंत नको, असे म्हटले. भिंत नको हे खरेच. पण प्रवेशपरीक्षांच्या पात्रतेत ती भिंत उभीच असताना, भिंत नाही असे समजून विषय निवडणारा गरीब विद्यार्थीच तिच्यावर आपटेल.

तथापि नियम बदलतात, हेही विसरू नये. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्याने तो विषय नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण केल्यास त्याला ‘नीट’ देता येईल, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ साली मान्य केले. राहून गेलेल्या विषयाकडे परत येण्याचा हक्क हीच या प्रश्नावरची आपली मुख्य मागणी असावयास हवी. पंधराव्या वर्षी केलेली निवड पंचविसाव्या वर्षी शिक्षा होऊन उभी राहता कामा नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पहिले काम माहितीचे आहे. मार्गदर्शनाचे मेळावे निकालानंतर भरतात, तोवर घरात निर्णय होऊन गेलेला असतो. ते दिवाळीनंतर, वस्तीत, आईबाप कामावरून परत आल्यावर व्हावेत. कोणत्या शिक्षणाला कोणता विषय लागतो, याचा एक पानाचा तक्ता मराठीत छापून घरोघर द्यावा. नियम बदलतात, म्हणून तो दरवर्षी नव्याने तपासावा. ज्याला अजून काही ठरविता आले नाही, त्याला शक्य असेल तर गणित सोडू नये, असे सांगावे.

दुसरे काम परतीच्या वाटा सांगण्याचे. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतली, तर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. बारावीत अडकलेल्या कामगाराच्या मुलाला ही माहिती वेळेवर मिळणे म्हणजे आयुष्याची काही वर्षे वाचणे होय.

तिसरे काम संघर्षाचे. आपल्या तालुक्यात अकरावीला गणित कोठे शिकविले जाते, भौतिकशास्त्राचा शिक्षक कोठे आहे, प्रयोगशाळा कुलूपबंद कोठे आहे, अनुदानित तुकड्या किती, गाडीच्या वेळा काय, याची पाहणी कार्यकर्त्यांनी स्वतः फिरून करावी. मोर्चा नंतर, आधी ही पाहणी. अंतराची आणि रिक्त पदांची यादी हाती असली की शिक्षणाधिकाऱ्याला आणि एस.टी.च्या आगारप्रमुखाला उत्तर द्यावे लागते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी दाखवून दिले होते, की महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा सरकारी खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. अकरावीच्या अर्जाकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्याची ही पाहणी दहावीच्या परीक्षा सुरू होण्यापूर्वी पुरी करावी. कारण त्यानंतर अर्ज भरले जातील आणि आणखी एका वर्षाची मुले हातून जातील.